चूक निस्तरली, तरी मन सोडत का नाही?

"मॅडम, चूक दुरुस्त झाली, पैसे दिले गेले, मालकही विसरले. पण माझ्या डोक्यातून ते जातच नाही. प्रत्येक कागद पाच-पाच वेळा बघते. मी या कामाच्या लायकीचीच नाही का?"

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी पतसंस्थेतले कॅशियर घेऊन येतात, शिक्षक येतात, मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स येतात. इथे सांगते ती हकीकत सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशोब लिहिणाऱ्या एका तरुणीची. तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

सौदा झाला की प्रत्येक लॉटचा दर ठरतो आणि त्यावरून शेतकऱ्याची पट्टी बनते. पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता हातात येणारी रक्कम. हळकुंडाचा दर वेगळा, गड्ड्याचा, म्हणजे हळदीच्या मूळ गोल कंदाचा, त्याहून कमी. ऐन हंगामात एका शेतकऱ्याच्या पट्टीत तिने हळकुंडाच्या पोत्यांपुढे गड्ड्याचा दर टाकला आणि त्याला 18 हजार रुपये कमी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. तासाभरात नवी पट्टी झाली, संध्याकाळपर्यंत फरक खात्यावर जमा झाला. मालक एवढंच म्हणाले, "जरा लक्ष देत जा."

ती माझ्याकडे आली तेव्हा या गोष्टीला दोन महिने होऊन गेले होते. त्या चुकलेल्या पट्टीची झेरॉक्स ती पर्समध्ये घेऊन फिरत होती. घड्यांवर कागद फाटायला आलेला. चुकीच्या आकड्याभोवती लाल पेनने इतक्यांदा गोल केला होता की तिथे भोक पडलं होतं. कशासाठी ठेवलीय, विचारलं तर म्हणाली, "विसरू नये म्हणून."

मी विचारलं, तो शेतकरी फोनवर नेमकं काय बोलला? तिला वाटत होतं तो चिडला असणार, गावात आपलं नाव खराब झालं असणार. पण शब्द आठवायला सांगितल्यावर निघालं ते एवढंच: "ताई, फरक कधी जमा होईल?" त्याला मुलाची फी भरायची होती, त्याला पैसे हवे होते आणि ते त्याच दिवशी मिळाले. तिच्या दोन महिन्यांच्या जागरणातून त्या माणसाच्या पदरात एक रुपयाही जास्त पडला नव्हता. हे ऐकून ती बराच वेळ रडली. मला ते रडणं आवश्यक वाटलं, म्हणून थांबवलं नाही.

तिची खरी भीती पुढे होती आणि ती मी अनेकांकडून ऐकते: "स्वतःला बोलणं बंद केलं तर मी निष्काळजी होईन." मी याच्याशी वाद घातला नाही, आम्ही त्या दोन महिन्यांचं काम तपासलं. जुन्या पट्ट्या पुन्हा पुन्हा काढून बघण्याच्या नादात तिची एका दिवसाची हमालीची नोंद राहून गेली होती. म्हणजे ज्या बोलण्याला ती काळजी समजत होती, ते तिचं लक्ष हातातल्या कामावरून काढून घेत होतं.

वारंवार तपासण्याबद्दल नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांचा 2003 मधला एक प्रयोग मी तिला सांगितला. लोकांना संगणकाच्या पडद्यावरचा गॅस बंद करून तो पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. त्यांना आठवत होतं ते बरोबरच होतं. पण आठवण पुसट झाली आणि तिच्यावरचा भरवसा उडाला. तिच्याही बाबतीत हेच चाललं होतं. पाचव्यांदा पट्टी बघितल्यावर ती पहिल्या वेळेपेक्षा जास्त साशंक असायची, म्हणून सहाव्यांदा बघायची.

मग ठरलं असं: पट्टी एकदाच तपासायची, पण नीट. वजनचिठ्ठी समोर धरून लॉट, पोती, दर मोठ्याने वाचायचं, दुकानातल्या दुसऱ्या माणसाने ऐकून टिक करायची, की फाईल बंद. त्यानंतर उघडायची नाही. संध्याकाळी अस्वस्थता दहापैकी किती ते वहीत लिहायचं, झोपताना पुन्हा लिहायचं. सुरुवातीला संध्याकाळी 9 असायचे. मधे एकदा ती रात्री साडेआठला विश्रामबागहून रिक्षा करून परत दुकानात गेली, कुलूप उघडायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते सांगताना मान खाली होती. त्याबद्दलही स्वतःला झोडपायचं का, एवढंच मी विचारलं आणि आम्ही वही पुढे चालू ठेवली. आकडे हळूहळू उतरले. फाईल न उघडताही झोप येते, हे तिला माझ्या सांगण्यापेक्षा त्या वहीने पटवलं.

मालकांशी बोलायला ती तयार नव्हती. मी आग्रह धरला, कारण "लक्ष देत जा" हा उपाय नाही. हळकुंड आणि गड्डा एकाच कागदावर खालीवर लिहिले जात असतील आणि लिहिणारा माणूस सकाळपासून जेवलेला नसेल, तर आज ती चुकली, उद्या दुसरा कोणी चुकेल. त्यांनी ऐकलं. आता दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या बनतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी तिच्यासोबत वापरली. "माझं काम बिनचूक व्हावं" ही इच्छा आहे, ती जरूर ठेवावी. "माझ्याकडून चूक होताच कामा नये आणि झाली तर मी नालायक" ही सक्ती आहे. पट्टी चुकली हे खरं. पण एका पट्टीवरून अख्ख्या माणसाला शून्य मार्क देणं हे हिशोबातही बसत नाही, आणि हिशोब तर तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. लहानपणीच्या, 96 मार्कांवर "चार कुठे गेले?" विचारणाऱ्या घराबद्दलही आम्ही बोललो, पण त्यावर फार रेंगाळलो नाही.

हंगामाच्या गर्दीत तिचा हात अजूनही कधी कधी बंद फाईलकडे जातो. बहुतेक वेळा ती तो मागे घेते.

तुमचंही असं होत असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलं असेल, कामावर जायची धास्ती वाटत असेल, तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.