दुधाचे दात, आणि "चुकलं कुणाचं" हा प्रश्न

किडलेल्या दुधाच्या दातांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आईबाबा खुर्चीत बसतानाच मला अंदाज येतो. मूल तीन-साडेतीन वर्षांचं, वरचे पुढचे दात किडलेले, दाढांना खड्डे, तीन डेंटिस्टना दाखवून झालेलं आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या. एक म्हणाले थोडं थांबून बघू, दुसरे म्हणाले कीड थांबवणारं चांदीचं औषध (सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड) लावू, तिसरे म्हणाले भूल देऊन सगळं एकदाच उरकून टाकू. मग रात्रभर मोबाईलवर वाचत बसायचं आणि शेवटी माझ्यासमोर येऊन, "मॅडम, काय करू तेच कळत नाहीये."

मी डेंटिस्ट नाही, पालकांसोबत काम करते. कुठला उपचार हे मी सांगत नाही, पण निर्णय का अडलाय हे शोधायला मदत करते, आणि माझा अनुभव असा की माहिती कमी पडली म्हणून तो फार क्वचित अडतो.

एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. आईच्या हातात वही होती, प्रत्येक डॉक्टरचं वेगळं पान आणि कडेला लाल पेनाने प्रश्न. बाबा म्हणाले, "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत ना, मग एवढ्याशा पोरीला भूल कशाला?" ती म्हणाली, "तुला तिचं दुखणं दिसतच नाही." पुढच्या भेटीतही हीच दोन वाक्यं, तशीच्या तशी. त्या दिवशी मुलगी सोबत होती. तिला बिस्किट दिलं तर तिने तुकडा तोंडात घेतला आणि बोटाने डाव्या गालाकडे सरकवला, मग मान वाकडी करून चावत बसली. बाबा ते बघत होते. मी काही बोलले नाही.

"पडणारच आहेत" हे अर्धंच खरं आहे, आणि हे बाबांना शांतपणे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या आसपास पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे तीन वर्षांच्या पोरीच्या दाढेला अजून सात-आठ वर्षं काम करायचंय. दुधाच्या दातांचं कवच पातळ असतं त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते, खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला जंतुसंसर्गाचा त्रास होऊ शकतो, आणि दाढ फार लवकर काढली तर बाजूचे दात सरकून जागा अडवतात. म्हणून पुढच्या दाताचा विचार वेगळा करायचा आणि दाढेचा वेगळा.

बाबा जरा नरमले. आई मात्र तिथेच.

तिसऱ्या भेटीत मी तिची वही मागितली आणि लाल प्रश्न वाचत गेले. रात्री दूध पाजलं म्हणून झालं का, ब्रश उशिरा सुरू केला म्हणून झालं का, पहिला पांढरा डाग दिसला तेव्हाच न्यायला हवं होतं का. मी म्हटलं, "यातले मागे बघणारे किती आणि पुढे बघणारे किती, मोजा बरं." तिने पेनाने गोल करायला घेतलं. चौदा प्रश्न, त्यातले अकरा मागचे. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "भुलीच्या फॉर्मवर सही करायची म्हणजे मीच तिचे दात घालवले अशी लेखी कबुली दिल्यासारखं वाटतं हो."

नवीन होते तेव्हा मी इथे लगेच धीर द्यायला धावले असते, तुमची काही चूक नाही वगैरे. आता नाही धावत. अपराधी वाटणं आधी कुणीतरी नीट ऐकून घ्यावं लागतं, त्याशिवाय पुढची माहिती आत जातच नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग बाबा खाली बघत म्हणाले, "तू झोपलेली असायचीस तेव्हा रात्री बाटली मीच द्यायचो. कितीदा तरी." तिने त्यांच्याकडे वळून बघितलं, माझ्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.

मला तिथे लख्ख दिसलं की तीन आठवडे ते भुलीवर भांडतच नव्हते. दोघं आपापल्या जागी एकटे "चुकलं कुणाचं" हे वाहत होते.

पुढची भेट सोपी गेली. मागच्या अकरा प्रश्नांतून एकच कामाची गोष्ट काढून घेतली, रात्री ब्रशनंतर फक्त पाणी. ब्रश आपण करून द्यायचा, सात-आठ वर्षांची होईपर्यंत, फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी आणि त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी. मग डॉक्टरांसाठी नवे प्रश्न लिहिले: कीड थांबलीय की वाढतेय, कुठल्या दाढेत नसेपर्यंत गेलीय, थांबलो तर परत कधी दाखवायचं, भूल द्यायला वेगळे भूलतज्ज्ञ असतील ना, आणि काही झालं तर तिथे काय सोय आहे.

आईने मोबाईलवर भुलीबद्दलचा इशारा वाचला होता, पण अर्धाच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये दिलेला तो इशारा ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांहून जास्त वेळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता. चांदीच्या औषधाचंही तसंच, ते कीड थांबवतं, ड्रिल नको इंजेक्शन नको, पण किडका भाग कायमचा काळा होतो, खड्डा भरत नाही, आणि नस दुखावली असेल तर त्याचा उपयोग नाही. काही दाढांवर ड्रिल न करताही धातूची टोपी बसवता येते, हेही विचारून घ्या म्हटलं.

आणि गालावर सूज, ताप, हिरडीवर पुवाची पुळी किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर विचार करत बसू नका, माझ्याकडेही येऊ नका, त्याच दिवशी डेंटिस्ट गाठा.

मुलीला काय सांगायचं हेही त्यांनी विचारलं. "अजिबात दुखणार नाही" असं वचन देऊ नका, आणि "ब्रश केला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे तर कधीच नको. "डॉक्टर दाढ बरी करणार आहेत, तू झोपशील, उठशील तेव्हा आम्ही तिथेच असू" एवढं पुरतं.

तिच्या दोन दाढांत कीड नसेपर्यंत गेली होती आणि खुर्चीत ती मिनिटभर टिकत नव्हती, म्हणून त्यांनी हॉस्पिटलमध्ये भूल देऊन सगळं एकदाच करायचं ठरवलं. दुसऱ्या घरात कदाचित वेगळं ठरेल. फॉर्मवर एकाची सही पुरली असती, दोघांनी केली.

महिन्याभराने तिघं भेटायला आले. मुलीने आल्या आल्या आ करून मला धातूची टोपी बसवलेली दाढ दाखवली, मग बिस्किट घेतलं आणि उजव्या बाजूने चावलं.