अर्थप्रश्न : बँक बुडण्याआधी ताळेबंद काय बोलतो?

आमच्या नागरी सहकारी बँकेचा निव्वळ एनपीए (थकीत कर्जातून त्यासाठीची तरतूद वजा करून उरणारा भाग) तीन टक्क्यांच्या आत आहे, नफाही दरवर्षी होतो. ठेव निर्धास्तपणे ठेवू ना?
(निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, एवढ्या दोनच आकड्यांच्या भरवशावर नको. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचा मार्च २०१९चा अहवाल आठवा: निव्वळ एनपीए २.१९ टक्के, नफा शंभर कोटींच्या घरात. सहाच महिन्यांनी, २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता आले. बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती, आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. आकडा भरणाराच लपवत असेल, तर कुठल्याही निर्देशांकाचा उपयोग नाही.

म्हणूनच मी आधी तफावत बघतो. येस बँकेने मार्च २०१६साठी ढोबळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा न करता एकूण थकीत कर्ज, ७४९ कोटी रुपये दाखवला. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो ४,९२६ कोटी निघाला. ही बातमी २०१७मध्ये सगळ्यांसमोर आली, खातेदारांच्या पैशांवर ५० हजारांची मर्यादा आली ती मार्च २०२०मध्ये. म्हणजे हाताशी जवळपास तीन वर्षे होती. व्यापारी बँकेत अशी तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ती अहवालात छापावी लागते. ती शेवटच्या पानांतल्या टिपांमध्ये असते, अध्यक्षांच्या मनोगतात नव्हे.

एनपीएची टक्केवारी घटली म्हणजे बँक सुधारली असे धरायचे का?
(लघुउद्योजिका, नाशिक)

भाजक बघितल्याशिवाय नाही. समजा, १०० कोटींच्या कर्जात ५ कोटी थकले, म्हणजे ५ टक्के. पुढच्या वर्षी बँकेने धडाक्यात कर्जे वाटून आकडा १५० कोटींवर नेला आणि थकबाकी ६ कोटी झाली. टक्केवारी आली ४वर. सर्वसाधारण सभेत टाळ्या, चहा, वडा! प्रत्यक्षात थकबाकी वाढलीच आहे, आणि नवे कर्ज थकायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी हप्ते कोणीही भरतो. तेव्हा पाच वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा आणि थकबाकी रुपयांत वाचा. सगळ्यांत मोठ्या वीस कर्जदारांकडे किती टक्के कर्ज आहे, तेही बघा.

एका बँकेचे ठीक, पण सबंध देशातले बँकिंग संकट आधी कळते का?
(अर्थशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

अंदाज येतो, तारीख कळत नाही. बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या अभ्यासकांनी वापरात आणलेले एक माप आहे: देशातल्या कर्जाचे जीडीपीशी असलेले प्रमाण दीर्घकालीन कलापेक्षा किती वर गेले आहे. ही दरी दहा टक्केबिंदूंपलीकडे गेली की धोक्याचा इशारा. २००८पूर्वी स्पेन आणि आयर्लंडमध्ये ती भलतीच रुंदावली होती, तीही तिथल्या बँकांची थकबाकी नगण्य दिसत असताना. थकबाकी हा मागचे दाखवणारा आरसा आहे. कर्जवाढीचा वेग पुढचे सांगतो.

आपल्याकडेही तेच झाले. २००४ ते २००७ या काळात बँकांचे कर्ज वर्षाला तीस टक्क्यांच्या आसपास वाढत होते. वीज, पोलाद आणि रस्त्यांच्या प्रकल्पांना तेव्हा आणि नंतरच्या काही वर्षांत दिलेली कर्जे थकू लागली, तरी पुनर्रचनेच्या (हप्ते, मुदत बदलून देण्याच्या) नावाखाली झाकली गेली. २०१५मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्ता तपासणी, म्हणजे बँकांच्या कर्जांची झडती, लावली, तेव्हा झाकण उडाले आणि मार्च २०१८पर्यंत ढोबळ एनपीए अकरा टक्क्यांच्या वर गेला. इशारा आणि संकट यांत दहा वर्षे! एवढ्या आधी सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, आणि निम्म्या वेळा ते बरोबरही असतात, कारण या मापाने खोटे इशारेही बरेच दिले आहेत.

पतसंस्था एक टक्का जास्त व्याज देते. तिथे पाच लाखांचे विमा संरक्षण लागू आहे का?
(गृहिणी, इचलकरंजी)

नाही. तो ठेव विमा फक्त बँकांना आहे. तिथेही मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, त्या बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून आणि व्याज धरून पाच लाख. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी विभागून काही साधत नाही.