तीन सामने खेळलेला मुलगा

"मॅच लागली की हा पोरगा टीव्ही बंद करून देते, मॅडम. क्रिकेटमध्ये घातलेली पोराची वर्षं वाया गेली का?" नागपुरात समुपदेशनाला येणारे बरेच आईवडील मला हा प्रश्न विचारतात. या आईचा मुलगा विद्यापीठाकडून खेळता खेळता विदर्भाच्या रणजी संघात गेला आणि तीन सामन्यांनंतर वगळला गेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आता तो अठ्ठाविशीत आहे, बँकेत नोकरी करतो. "तीन मॅच म्हणजे काय खेळणं असते का?" एवढंच बोलून गप्प बसला.

मी त्याच्या सर्वात मोठ्या खेळीबद्दल विचारलं. ३८ धावा. सांगता सांगता त्याचा डावा पाय खुर्चीखाली आपोआप पुढे सरकला, मनगट वळलं. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकण्यात दोन वर्षं गेली होती, आणि नेमक्या तशाच चेंडूला बॅट लावून तो बाद झाला. इथे त्याचा आवाज फुटला. घरच्यांनी त्याला दुखवू नये म्हणून विषयच बंद केला होता, आणि बाहेरचे एकच विचारत, "मग पुढे काहून नाही खेळला?" ती खेळी कशी होती, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तो संघात आला तो काळही पाहायला हवा. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी तो राखला. फलंदाजीत फैज फझल, वसीम जाफर, गणेश सतीश. नव्या फलंदाजाला जागा मिळणार किती? तरी त्याच्यात उणीव नव्हती असं मी म्हटलं नाही. आखूड चेंडूवर तो चाचपडायचा, हे त्यानेच सांगितलं. ते खोडून काढलं असतं, तर माझ्या बाकीच्या बोलण्यावर त्याने विश्वास ठेवला नसता.

आईला मी म्हटलं, "'जाऊ दे, विसर' म्हणू नका. कोचिंग कर म्हणून मागेही लागू नका. तो काय खेळला, ते विचारा."

महिन्याभराने त्यांचा फोन आला. मुलाने माळ्यावरून बॅट काढली होती. जुनी ग्रिप हाताला चिकटत होती, म्हणून जमिनीवर बसून ती ब्लेडने कापत होता. त्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "याच बॅटनं खेळला होतास का रे ते ३८?"

"नाही गं," तो म्हणाला, "ती वेगळी होती. थांब, दाखवतो."