युक्तिवादाला लागलेल्या दाव्यात समोरच्याने हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल आणला, कोर्ट तो घेईल का?

तुमची अडचण मला कळली ती अशी. दावा २०१९चा, वडिलांच्या नावावरच्या विसारपावतीवरून (व्यवहाराची आगाऊ रक्कम घेतल्याच्या पावतीवरून). सही वडिलांची नाही, हे तुमच्या लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, पहिल्यापासून आहे. दोन्ही बाजूंनी पुरावा संपल्याच्या पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दिल्या, आणि आता युक्तिवादाच्या तारखेला वादीने खासगी हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल अर्जाला जोडला. उशीर झालाय, अर्ज आपोआप फेटाळला जाईल, असं तुमच्या वकिलांना वाटतं.

मी २० वर्षं दिवाणी दावे चालवतोय. कळकळीने सांगतो, नुसत्या उशिरावर विसंबू नका.

उशिरा सापडलेला पुरावा देऊ देणारा दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर १८ रूल १७-ए हा नियम १ जुलै २००२ पासून रद्द झाला, हे खरं. पण त्यामुळे कोर्टाचे हात बांधले गेले नाहीत. २०११ साली के. के. वेलुसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की युक्तिवाद सुरू झाल्यावरसुद्धा त्याच संहितेच्या कलम १५१ खाली, म्हणजे कोर्टाच्या अंगभूत अधिकारात, पुरावा घेता येतो. मात्र तो आधी का दिला नाही, याचं सबळ कारण हवं. दाव्यातली उणीव बुजवण्यासाठी हा अधिकार नाही. तुमचा जोर इथे हवा. सही नाकारलीय हे वादीला कैफियत आली त्या दिवसापासून माहीत होतं. कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यावर १५ दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते, तिच्यात तज्ज्ञ होता का? रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची) नक्कल काढा आणि वादीच्या पुराव्यासाठी किती तारखा पडल्या, त्या मोजून अर्जावरच्या तुमच्या लेखी म्हणण्यात लिहा. ‘फार उशीर झाला’ या वाक्यापेक्षा त्या तारखा जास्त बोलतात.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. मृत्युपत्राच्या एका दाव्यात मी प्रतिवादीकडून होतो, असाच अर्ज आला. मी चार ओळींचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, दिला: अर्ज उशिरा आहे, फेटाळावा. न्यायाधीश साहेबांनी खर्च लावून अर्ज मंजूर केला आणि पुढच्याच तारखेला तज्ज्ञ पिंजऱ्यात उभे. माझ्या हातात अहवालाची झेरॉक्स. त्यांनी ‘र’च्या शेपटाला दिलेला झटका दाखवला; माझ्या प्रतीत तिथे नुसता काळा डाग होता. मूळ फोटो मी मागितलेच नव्हते, तयारीला मुदतही नाही. उलटतपासणी अर्ध्या तासात संपली. दारात माझ्या अशिलाची म्हातारी आई थांबली होती, तिने विचारलं, ‘एवढंच का?’ ते अजून विसरलो नाही.

म्हणून विरोध कराच, पण त्याच म्हणण्यात पर्यायी विनंतीही लिहा: अर्ज मंजूर करायचाच असेल तर मोठ्या केलेल्या फोटोंचा पूर्ण संच आम्हाला मिळावा, मूळ विसारपावती आमच्या तज्ज्ञाला कोर्टात पाहू द्यावी, उलटतपासणीआधी पुरेशी मुदत मिळावी, आमच्या तज्ज्ञाची साक्ष घ्यावी आणि खर्च वादीवर बसावा. पर्यायी विनंतीने विरोध कमजोर होतो असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. तुम्हाला उत्तर द्यायची संधी मिळते की नाही, हाच उशिराच्या पुराव्यातला खरा प्रश्न आहे, आणि तो कोर्टासमोर लेखी मांडला गेला पाहिजे.

अहवाल हातात आला की निष्कर्ष नंतर वाचा. आधी बघा, तुलनेला कोणत्या सह्या घेतल्या. वडिलांच्या वकालतनाम्यावरच्या, म्हणजे वाद सुरू झाल्यानंतरच्या? की विसारपावतीच्या आसपासच्या काळातल्या, बँकेच्या किंवा सोसायटीच्या कागदावरच्या, दोघांनाही मान्य असलेल्या? तपासलेली पावती मूळ होती की झेरॉक्स? मूळ कागद कोर्टात निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून असेल, तर तज्ज्ञाने तो कधी आणि कोणाच्या परवानगीने पाहिला? पेनाचा दाब, मध्येच हात उचलल्याची खूण, हे झेरॉक्सवर नीट कळत नाही.

शिवाय खासगी अहवाल दाखल झाला म्हणजे सिद्ध झाला असं नाही. कोर्टाने ऑर्डर २६ रूल १०-ए खाली कमिशन (कोर्टाने स्वतः नेमलेला तपासणारा) नेमलं तर त्याचा अहवाल पुराव्यात येतो. वादीच्या तज्ज्ञाला मात्र सरतपासणीचं (स्वतःच्या साक्षीचं) शपथपत्र देऊन उलटतपासणीला उभं राहावंच लागेल. आणि त्याचं मत हे मतच असतं. साहेब स्वतःही सह्या ताडून पाहू शकतात. तुमचा दावा जुना असल्याने यासाठी १८७२च्या पुरावा कायद्याची कलमं ४५ आणि ७३ लागतील, १ जुलै २०२४ पासूनचा नवा कायदा नाही.

अर्ज मंजूर होऊन तुम्हाला संधीच नाकारली, तर संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. पुढची तारीख यायच्या आत वडिलांच्या त्या काळातल्या सह्यांचे मूळ कागद कुठे मिळतील ते शोधायला लागा. बँकेतला खातं उघडतानाचा फॉर्म आधी मागा.