विसार दिला, पण प्लॉट ग्रीन झोनमध्ये निघाला

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरी करतो. स्वतःचे घर बांधायचे म्हणून 40 गुंठ्यांच्या एका बागायती गटातला 3 गुंठ्यांचा प्लॉट पसंत केला. असे 12 प्लॉट पाडले आहेत. मंजूर लेआउटच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळतो आहे. एक तृतीयांश रक्कम देऊन 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी विसारपावती केली. त्यातली काही रक्कम रोख दिली. उरलेले पैसे 3 आठवड्यांत द्यायचे, न दिल्यास विसार जप्त, अशी अट आहे. मालक म्हणतात, चार खरेदीदार मिळून एकच खरेदीखत करा, सातबाऱ्यावर सामाईक नावे लागतील, एन.ए. (अकृषिक, म्हणजे बिगरशेती परवानगी) नंतर होईल, वाटल्यास कुलमुखत्यारपत्र देतो. झोन दाखल्यावर ‘शेती विभाग’ (म्हणजे ग्रीन झोन) लिहिले आहे. बँकेने कर्ज नाकारले. माझे नाव माहेरच्या सातबाऱ्यावर आहे, यांचे कुठेच नाही. जमीन मालकांच्या वडिलांची होती. ते 12 वर्षांपूर्वी वारले. सातबाऱ्यावर दोघे भाऊ आहेत, दोघी बहिणी नाहीत. उरलेले पैसे द्यावेत का? दिलेले बुडतील का?

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. पण गप्पही बसू नका, कारण त्या 3 आठवड्यांत तुम्ही काहीच केले नाही, तर ‘खरेदीदारानेच मुदत पाळली नाही’ असे म्हणायला मालक मोकळे होतात आणि विसार जप्त करण्याची अट त्यांच्या बाजूने बोलू लागते. म्हणून मुदत संपण्याआधी, शक्यतो याच आठवड्यात, त्यांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पत्रात ‘आमचा विचार बदलला’ हे शब्द चुकूनही नकोत. लिहायचे ते एवढेच : व्यवहार पूर्ण करण्याची आमची तयारी आहे, मात्र मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत, अकृषिक परवानगी, सर्व वारसांची संमती आणि मालकीची कागदपत्रे 15 दिवसांत दाखवावीत, तोवर उर्वरित रक्कम देण्याची मुदत चालू धरली जाऊ नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 प्रमाणे मालकीतला महत्त्वाचा दोष उघड करणे आणि मागितल्यावर कागद दाखवणे हे विकणाऱ्याचेच काम आहे. तुम्ही कोणावर उपकार मागत नाही आहात.

आता या प्लॉटवर घर होईल का, हे पाहू. माझ्या मते होणार नाही. तेही एका कारणाने नव्हे.

झोन दाखला तुमच्या हातात आहे आणि तो स्पष्ट बोलतो. ‘पुढच्या आराखड्यात यलो (रहिवासी विभाग) होईल’ हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, त्यावर आता चिडायचेही सोडून दिले. कधी होतेही. पण ते मालकाच्या हातात नसते, आणि जे त्यांच्या हातात नाही त्याची किंमत तुमच्याकडून का घ्यावी? शेती विभागात फार्महाऊस बांधायचे तरी किमान 0.40 हेक्टर क्षेत्र लागते. 40 गुंठे म्हणजे साधारण तेवढेच. म्हणजे त्या अख्ख्या गटात मिळून एक फार्महाऊस बसते, आणि तिथे 12 घरे विकली जात आहेत. ‘गावठाणाला लागूनच आहे’ असेही कदाचित सांगतील. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला रहिवासासाठी सवलत आहे, पण ते अंतर भूमी अभिलेखच्या नकाशावर मोजायचे असते, पायी चालून नव्हे, आणि तसा कागद तहसीलदारांकडून मिळावा लागतो.

चौघांच्या एकत्र खरेदीखताची युक्ती जुनीच आहे. तुकडेबंदी कायद्याखाली बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही) 10 गुंठे, जिरायतीचे 20. तुमचे 3 गुंठे एकटे विकले तर तुकडा पडतो. चौघांचे 12 गुंठे दाखवले की कागदावर अडथळा दिसत नाही. पण त्या खरेदीखताने तुम्हाला तुमचे 3 गुंठे मिळतच नाहीत. मिळतो तो 12 गुंठ्यांच्या प्रत्येक इंचात चौथा हिस्सा. दगड कुठे पुरायचा, बोअर कोणी घ्यायची, एकाने आपला हिस्सा गहाण टाकला तर काय, या प्रत्येक प्रश्नाला उरलेल्या तिघांची सही लागणार. आणि पुढे वाटप करून वेगळे व्हायचे म्हटले की तोच तुकडेबंदी कायदा दारात उभा. जुने तुकडे नियमित करण्यासाठी सरकारने सवलती दिल्या आहेत, हे खरे; 2001 चा गुंठेवारी कायदा आणि त्याची 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवलेली मर्यादाही तुम्हाला कोणीतरी सांगेल. त्या सगळ्या आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी. तुमचा अजून व्हायचा आहे, हे तुमचे नशीब समजा.

माहेरच्या सातबाऱ्यावरच्या नावामुळे शेतजमीन घ्यायला तुम्ही पात्र ठरू शकता. तुमचे यजमान तुमच्यामुळे शेतकरी होत नाहीत. उरलेल्या तिघा खरेदीदारांत कोणी बिगरशेतकरी असेल तर कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 चा भंग, आणि तो भंग सामाईक खरेदीखतात तुमच्याही गळ्यात.

त्याच नावावरून दुसरे आठवले. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचे नाव लागले. मग मालकांच्या घरातल्या दोघी बहिणींचे का नाही? हिंदू कुटुंब असेल तर वडिलांच्या वाट्यात मुलीला हक्क 1956 पासून आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलासारखीच सहदायाद (जन्मापासून हिस्सेदार) आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात हे पुन्हा पक्के केले. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हेच, मुळात तो महसुलाचा कागद. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले असेल तर ते इंडेक्स 2 मध्ये (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या नोंदीत) दिसेल. ‘त्या काही बोलणार नाहीत, आमचे संबंध चांगले आहेत’ हे हक्कसोडपत्र नव्हे. दाव्याचे समन्स आले की चांगल्या संबंधांची आठवण कोणी काढत नाही.

कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही. 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. नोटरीच्या शिक्क्यानेही येत नाही; नोंदणी झाल्याशिवाय त्या विसारपावतीच्या जोरावर ताबासुद्धा टिकवता येत नाही.

पैशांचे काय? बुडतीलच असे नाही. पावतीवर रोखीसह पूर्ण रक्कम लिहिलेली असेल तर बरेच काम झाले. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणाऱ्याला आयकर कायद्याखाली तेवढाच दंड होऊ शकतो; ही गोष्ट मालकांच्या वकिलाला माहीत असते, तुम्ही धमकीच्या सुरात सांगायची गरज नाही. 15 दिवसांत कागद आले नाहीत तर वकिलामार्फत परताव्याची नोटीस द्या. खरेदीदाराने व्यवहार गैरवाजवी कारणाने मोडला नसेल, तर आगाऊ दिलेल्या रकमेपुरता बोजा विक्रेत्याच्या हिश्श्यावर मागता येतो, हेही कलम 55 मध्येच आहे. परताव्याच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षे. पण तेवढे थांबू नका. मात्र बेकायदा ठरणारे खरेदीखत सगळे कळूनसवरून पूर्ण केलेत, तर नंतर कोर्ट तुमच्याकडे तितक्या सहानुभूतीने पाहणार नाही. आज तुम्ही कुंपणाच्या अलीकडे आहात.

आणखी एक दार आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी आधी लागते, आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडून तिप्पट घेतली. प्लॉटचा छापील नकाशा किंवा जाहिरातीचा मेसेज असेल तर जपून ठेवा.

बजेटबद्दल तुम्ही थेट विचारले नाही, पण सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय. बँकेने कर्ज नाकारले तेव्हा तुम्हाला फुकटात कायदेशीर मत मिळाले होते. पुढचा प्लॉट शोधताना भाव नंतर विचारा. आधी झोन दाखला, मंजूर अंतिम रेखांकन, अकृषिक आदेश, आणि कमी-जास्त पत्रक (कजाप, म्हणजे जमिनीच्या बदललेल्या क्षेत्राची भूमी अभिलेखातली नोंद) होऊन त्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघाला आहे का, ते पाहा. कजाप झालेला दीड गुंठा मी सामाईकातल्या 3 गुंठ्यांच्या बदल्यात केव्हाही घेईन. तसेही तुमच्या नकाशावरचा रस्ता 10 फुटी असेल, तर एवढ्या रस्त्यावर लेआउट मंजूर होत नाही; उद्या यलो झाला तरी रुंद रस्ता आणि मोकळी जागा काढल्यावर 3 गुंठ्यांचे 3 उरत नाहीत.

हिशेब मांडताना जमिनीच्या किमतीवर मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे साधारण 5 ते 7 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का (कमाल 30,000) धरा. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचे (सरकारी दरपत्रकाचे) मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते. ते मूल्य किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक जास्त असेल आणि फरक 50,000 च्या वर गेला, तर तो फरक तुमचे उत्पन्न धरला जातो. स्वस्त प्लॉटची ही शेपटी कोणी दाखवत नाही. हा मुद्रांकाचा खर्च साधारणपणे कर्जात बसत नाही, रोकड वेगळी हवी. मग मोजणी, शोध अहवाल, जाहीर नोटीस, आर्किटेक्ट, विकास शुल्क, वीज, पाणी, आणि बांधकाम ठरावीक खर्चमर्यादेच्या वर गेले तर 1 टक्का कामगार उपकर. काळी माती असेल तर पाया अपेक्षेपेक्षा खोल जातो. हातातल्या रकमेचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीत घातलेल्यांची घरे जोत्यावर थांबलेली मी पाहिली आहेत.

पत्र गेल्यावर मालक बहुधा फोन करतील, ‘एवढे कशाला ताणता, घ्या तुमचे पैसे’ म्हणतील. घ्या, पण बँकेतून. विसारपावतीच्या मूळ प्रतीवर व्यवहार रद्द झाल्याचे, मिळालेल्या रकमेचे आणि तारखेचे लिहून दोघांच्या सह्या आणि 2 साक्षीदार घ्या. एक प्रत तुमच्याकडे. धनादेश वटल्याशिवाय सही करू नका.