फ्लॉरेन्स नाइटिंगेल श्रीमंत घरातली असूनही उच्चभ्रू समाजाला का विटली?

मुख्यतः सक्तीच्या रिकामपणाला विटली. १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियापुढे रीतसर हजेरी लावलेली ही मुलगी पुढे पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचायची, कारण दिवस मेजवान्या आणि दिवाणखान्यातल्या गप्पांत जायचा. १८४९ मध्ये तिने कवी आणि खासदार रिचर्ड मंक्टन मिल्न्सचं स्थळ नाकारलं, तेही तो आवडत असताना! ‘कॅसँड्रा’ या तिच्या निबंधात हा राग थेट वाचायला मिळतो: बाईच्या वेळेला किंमतच नाही, कुणीही यावं आणि तो खावा. मात्र त्या वर्गाशी तिने नातं तोडलं नव्हतं. १८५३ पासून वडील वर्षाला ५०० पौंड देत होते, आणि क्रिमियन युद्धातल्या जखमी ब्रिटिश सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तिला बोलावणारे मंत्री सिडनी हर्बर्ट त्याच वर्तुळातले, ओळखीचे.