राखीव सवलती आणि ठेकेदारी: साइटवरून दिसतं ते

तुम्ही विचारलंय की अनुसूचित जातीच्या उद्योजकांना मिळणाऱ्या सवलतींवर विसंबून गोव्यात डिचोलीला ठेकेदारी सुरू करावी का, आणि धंद्यातली माणसं या सवलतींकडे कशी बघतात.

केंद्राच्या खरेदी धोरणातले '४ टक्के' सगळ्यांना पाठ असतात. २०१२ चा तो आदेश केंद्रीय खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना लागू आहे. त्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, त्या २५ मध्येच एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. पण वस्तू आणि सेवांचीच. बांधकामाचे ठेके त्यात धरत नाहीत. म्हणजे पेव्हर ब्लॉक स्वतः बनवून विकलेत तर फायदा, तेच बसवायचं टेंडर भरलंत तर नाही. शेजारी कर्नाटकात थेट कामंच राखीव असतात, आणि त्याची मर्यादा २०२३ मध्ये ५० लाखांवरून १ कोटीवर नेली. आपल्याकडचे काही जण तिथले नियम इथलेच समजून बोलतात.

जुने ठेकेदार म्हणतात, सवलतीने दर्जा घसरतो. मला हे अजिबात पटत नाही. चिरा तोच, सिमेंट तेच, मेजरमेंट बुकात मापं लिहिणारा ज्युनिअर इंजिनीअरही तोच. दर्जा जातो तो काम मिळवण्यासाठी वाट्टेल तेवढं बिलो, म्हणजे अंदाजित खर्चाच्या खाली, टेंडर भरल्यामुळे, आणि त्यात कुठलीच जात मागे नाही!

इंजिनीअर लोकांची तक्रार मात्र रास्त आहे: कागदावर मालक एक, साइटवर हुकूम दुसऱ्याचा. हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा कायदा २००३ चा. अशी नावापुरती मालकी गुन्हा ठरवायला २०१३ ची दुरुस्ती लागली.

माझा सल्ला विचाराल तर आधी माल बनवा: ब्लॉक, कर्बस्टोन, चेंबरची झाकणं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि वास्कोकडे बघा. गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, नौदल ही सगळी केंद्राची गिऱ्हाइकं. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्याला ही सवलत नाही, मशीन तुमचंच हवं. ठेकेदारीत नंतर उतरा. तिथे बयाणा (टेंडरची अनामत) माफ झाला तरी मजुरी दर शनिवारी द्यावी लागते, आणि बिल खात्याच्या सवडीने निघतं.

नोंदणी झाली की 'फक्त नाव द्या, दोन टक्के घ्या' म्हणणारा कोणीतरी येईलच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. हमीच्या मुदतीत गटार खचलं तर नोटीस तुमच्या नावावर येते, त्याच्या नाही.